इतर

हिशेब लिहिणाऱ्यांच्या दोन जाती आहेत. एक 'कोथिंबीर' असं लिहिणारे आणि दुसरे 'इतर' असं लिहिणारे. पहिल्या जातीची माणसं संसार करतात. दुसऱ्या जातीची बहुधा सरकार चालवतात.

थट्टा नव्हे! सरकारी जमाखर्चात 'लघुशीर्ष 800' नावाचा एक कप्पाच आहे. त्याचं नाव 'इतर खर्च'. ज्या खर्चाला दुसरीकडे कुठंच जागा नाही, त्याच्यासाठी बांधलेली ही धर्मशाळा. पण धर्मशाळा म्हटली की घरदार असलेली मंडळीही वळकटी घेऊन येणारच. महालेखापरीक्षक वर्षानुवर्षं बजावताहेत की, यामुळे पैसा नेमका कशावर गेला ते कळत नाही. शेरा दरसाल, धर्मशाळा तशीच.

आमच्या नानांपुढे ही मात्रा चालली नसती. एकदा पुतण्यानं हिशेब दिला : "भाजी तीस, इतर चाळीस."

"इतर म्हणजे काय रे?"

"असंच... किरकोळ."

"हे बघ, भेळ खाल्ली म्हणालास तर मी घटकाभर रागावेन. इतर म्हणालास तर मला रात्रभर झोप नाही!"

पुतण्यानं भेळ कबूल केली. करतो काय? मिशीला चटणी होती!

सरकारी हिशेबात नेमकी ही चटणीच सापडत नाही. नाना त्याच संध्याकाळी विचारत. महालेखापरीक्षकांचा अहवाल वर्ष सरल्यावर येतो. घटनेच्या कलम 151 प्रमाणे तो राष्ट्रपतींकडे किंवा राज्यपालांकडे, तिथून सभागृहात, मग लोकलेखा समितीपुढे. लोकसभेत 1967 पासून या समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. सुनेची वही सासूनं तपासावी, इतका शहाणा विचार! पण प्रश्न विचारीपर्यंत साहेबांची बदली झालेली असते, थोरले साहेब निवृत्त झालेले असतात. जागेवर असते ती फक्त फाईल. आणि फाईलला मिशी नसते.

डॉ. आंबेडकरांनी 1949 साली घटना समितीत म्हटलं होतं की, घटनेतला हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी. ते थोर अर्थशास्त्री. पैसा कुठून येतो यापेक्षा कुठं मुरतो हे पाहणं अवघड, हे त्यांना पक्कं ठाऊक.

'इतर'मध्ये चोरीच असते असं नाही हो. शाळेचं छप्परही असेल, समारंभाचा मांडवही असेल. पण दोघांनी एकच नाव लावलं, तर छप्पर गळायला लागल्यावर मास्तरांनी कुणाकडं बोट दाखवायचं?

बरं, हे अहवाल गुप्त नसतात. सभागृहात मांडले की कुणीही वाचावेत. पण आपण पेपरात क्रिकेट वाचतो, राशिभविष्य वाचतो, छोट्या जाहिरातीसुद्धा वाचतो. अहवालाची बातमी आली, की पान उलटून म्हणतो, "काही विशेष नाही. इतर."