फुकट आहे, एवढं सांगून चालत नाही

जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा चाचांच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानातलं सगळं गेलं. मुंबईच्या मामेभावाने ऑफिसातला जुना संगणक पाठवला. विंडोज ७ वाला, चालू व्हायलाच दहा मिनिटं घेणारा. मी उत्साहाने त्यावर लिनक्स मिंट टाकलं.

"चाचा, हे फुकट आहे. कुणा कंपनीची मालकी नाही."

"फुकट?" चाचा म्हणाले. "विंडोजचे तरी मी कधी पैसे दिले? माणूस येतो, सीडी टाकतो, तीनशे रुपये घेतो. बिघडलं की त्यालाच बोलावतो. हे बिघडलं तर कुणाला धरू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिथे सगळंच चोरून फुकट मिळतं, तिथे हलालचं फुकट विकायचं कसं?

तिसऱ्या आठवड्यात निकाहच्या पत्रिकेचं काम आलं. उर्दू मजकूर इनपेजमध्ये केलेला. ती फाइल लिनक्सवर उघडेना. नस्तालीक अक्षर लिनक्सवरही सुंदर उमटतं, पण गिऱ्हाईकाने आणलेली फाइल उघडत नसेल तर त्या सौंदर्याचं काय करायचं? गिऱ्हाईक परत गेलं. चाचांनी विंडोज १० वाला सेकंडहँड संगणक घेतला. मला ते काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तो मिंटवाला डबा मग पोलादपूरला खालाच्या घरी गेला. तिची मुलगी कॉलेजला. या वेळी मी लिनक्स हा शब्दच काढला नाही. मराठी टायपिंग दाखवलं, प्रिंटर जोडून एक पान काढून दिलं आणि म्हटलं, अडलं तर रात्री दहापर्यंत फोन कर. पहिल्या महिन्यात सात-आठ फोन आले. आता येतात ते ईदच्या मुबारकबादीचेच.

आपल्या खिशातल्या अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सचाच. गूगलने ते नाव घेऊन फोन खपवले नाहीत. केरळच्या सरकारी शाळांत मुलं कितीतरी वर्षं लिनक्सवरच शिकतात, तिथे जाहिरातीची गरज उरत नाही. आपल्याकडे गावोगाव एमएस-सीआयटी. हात विंडोजवर बसतो आणि नोकरीला प्रमाणपत्रही तेच मागतात. आमचे लिनक्सवाले मित्र मात्र अजून स्वातंत्र्यावर व्याख्यानं देतात. मीही दिली आहेत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले. चाचांच्या संगणकाला विंडोज ११ चालत नाही. परवा त्यांचा फोन आला. "खालाकडे टाकलंस ते काय होतं रे? अजून चालतंय म्हणे."

रविवारी महाडला जातोय. इनपेजसाठी एका बाजूला विंडोज ठेवणार, इंटरनेट तोडून. आणि दुकानातल्या प्रिंटरचं मॉडेल आधीच विचारून घेतलंय.