अम्मीची फोटोफ्रेम

मुलांनो, तुमच्या घरी फोटोंचा जुना अल्बम आहे का? असला तर आज घरी गेल्यावर तो उघडा आणि त्यात किती फोटो आहेत ते मोजा. आमच्या घरी असे दोन अल्बम होते. आता त्यांतले फक्त अकरा फोटो उरले आहेत.

आम्ही मुंबईत कुर्ल्याला राहतो. २६ जुलै २००५ च्या पावसाबद्दल तुम्ही घरातल्या मोठ्यांकडून ऐकले असेल. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी तेव्हा नुकतीच अकरावीत गेले होते. मिठी नदीचे पाणी आमच्या चाळीत शिरले आणि पलंगाखालची लोखंडी पेटी बुडाली. दोन्ही अल्बम त्या पेटीत होते.

फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो. तो भिजला की मऊ होतो आणि वाळताना शेजारच्या फोटोला घट्ट चिकटतो. ओले फोटो तसेच स्वच्छ, थंड पाण्यात ठेवून एकेक करून हलक्या हाताने सोडवले असते, तर पुष्कळ वाचले असते. पण तेव्हा हे कोणाला ठाऊक होते? आम्ही सगळा गठ्ठा वाळत घातला. तो वाळून विटेसारखा झाला.

गेल्या वर्षी भाईजान सौदीहून सुट्टीवर आले, तेव्हा त्यांनी अम्मीसाठी डिजिटल फोटोफ्रेम आणली. मोतीबिंदूमुळे मोबाइलवरचे लहान फोटो अम्मीला नीट दिसत नाहीत. ही फ्रेम वहीएवढी मोठी. मेमरी कार्डावर फोटो भरले की ती ते एकामागून एक दाखवते. अम्मी आधी नको म्हणाली. नमाजच्या खोलीत तसबिरी नकोत, ही आमच्या घरची जुनी रीत. पण ही तसबीर बटण दाबून बंद करता येते, हे कळल्यावर तिने फ्रेमला स्वयंपाकघराजवळच्या फळीवर जागा दिली.

फोटो भरण्याचे काम माझ्याकडे आले. मी अकराही फोटो खिडकीजवळ उजेडात ठेवले, फ्लॅश बंद केला आणि मोबाइल अगदी सरळ धरून त्यांचे फोटो काढले. नातवंडांचे नवे फोटोही घेतले. त्यांना १, २, ३ असे क्रमांक दिले. पण फ्रेमवर १ नंतर २ न येता १० आला! यंत्र ही नावे आकड्यांसारखी वाचत नव्हते. ते लुगतीतल्या शब्दांसारखी एकेक अक्षर पाहून लावत होते. मग मी ००१, ००२ अशी नावे दिली, तेव्हा ओळ सरळ झाली.

संध्याकाळी सगळे फ्रेमसमोर बसलो. नातवंडे दिसली, सगळे हसले. मग १९९० सालचा स्टुडिओतला फोटो आला. अम्मी खुर्चीवर बसली आहे, मी तिच्या मांडीवर, भाईजान गुडघ्याला टेकून उभे, आणि मागे उंचच उंच अब्बा. अब्बा २०११ साली वारले. त्यांना फोटो काढून घेणे आवडत नसे. वाचलेल्या अकरा फोटोंत ते एवढ्या एकाच फोटोत आहेत.

अम्मी पुढे वाकली. म्हणाली, "अगं, तुझे अब्बा कुठे गेले?"

खुर्चीच्या पाठीवर टेकलेला एक हात तेवढा दिसत होता. वर चेहरा नव्हताच.

घडले होते ते असे. फोटो उभा होता, चार इंच रुंद आणि सहा इंच उंच. फ्रेमचा पडदा आडवा, १०२४ बाय ६०० ठिपक्यांचा. "पडदा पूर्ण भरा" असा पर्याय मीच निवडला होता, कारण त्याने फोटो मोठे आणि झकपक दिसत होते. रुंदी पूर्ण भरायची म्हणून यंत्राने सहा इंचांपैकी मधले सव्वादोन इंच ठेवले आणि बाकीचे वरखाली छाटले. काय छाटायचे आणि काय नाही, हे यंत्राला कसे कळणार? पण मला कळायला हवे होते. कार्ड भरून झाल्यावर मी एकदाही सगळे फोटो पाहिले नव्हते.

मी लगेच "पूर्ण फोटो दाखवा" हा पर्याय निवडला. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, फोटो लहान झाला, कोपऱ्यातला पाण्याचा डागही दिसू लागला. पण अब्बा आले. अम्मी काहीच बोलली नाही. दहा सेकंदांनी फोटो बदलला, तेव्हा मात्र म्हणाली, "इतक्यात गेले?"

सगळ्या फोटोंना वेळ सारखाच द्यावा लागतो. एखाद्यालाच जास्त देण्याची सोय या फ्रेममध्ये नाही. म्हणून रात्री मी त्या फोटोच्या सहा प्रती केल्या आणि त्यांना ००७ ते ०१२ असे क्रमांक दिले. आता तो एक मिनिट थांबतो.

अम्मीला ही युक्ती मी अजून सांगितलेली नाही. ती शेजारणींना सांगते, "यंत्र बिघडलंय, यांच्यापाशी आलं की अडकतं." आणि मला बजावते, "दुरुस्तीला नेऊ नकोस हं."