सातवं-आठवं पान

माझ्याकडे एक पुस्तक आहे आणि त्याचं नाव मला आजतागायत कळलेलं नाही. मुखपृष्ठ नाही, शेवटचं पान नाही. तिसऱ्या पानापासून चौदाव्यापर्यंत ते शाबूत आहे, पण मधलं एक पान, सात आणि आठ आकड्यांचं, गायब. कागद जाड, गुळगुळीत. मजकूर मराठीत, मोठ्या टायपात. चित्रं मात्र परदेशी. त्या काळी लोकवाङ्मय गृहाकडून रशियन पुस्तकांची मराठी भाषांतरं अगदी स्वस्तात मिळायची. त्यांतलंच ते असावं, असा माझा अंदाज.

गोष्ट एका पाववाल्याची. ढेरपोट्या, मिशाळ, डोक्यावर पांढरी टोपी. चौथ्या पानावर त्याचं दुकान. पाचव्यावर रिकामा रस्ता आणि आकाशातून भुरभुर पडणारा मैदा. तो बर्फ आहे हे मला सहावीत कळलं. तोवर पाववाल्याच्या गावात मैदाच पडत असणार, यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. सहाव्या पानावर तो कपाळाला हात लावून बसलाय. फळीवर न खपलेल्या पावांची चळत, पायाशी करडं मांजर. गावाला त्याच्या त्याच त्या पावांचा कंटाळा आलाय. आणि समोर एकदम नववं: दुकानासमोर ही गर्दी, म्हातारे, पोरं, बँडवाले, पोलीस, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी. काय, ते दिसत नाही, कारण सगळ्यांनी ते तोंडाला लावलंय. चित्रकारानं फक्त चुरा काढलाय, हवेत उडालेला. मजकुरात एवढंच, की असलं काही कुणी पूर्वी खाल्लं नव्हतं.

म्हणजे त्यानं काय केलं आणि ते त्याला कसं सुचलं, एवढंच नेमकं त्या हरवलेल्या पानावर होतं.

पुस्तक मला बेकरीत मिळालं. 1979 साल, मी चौथीत. अंबरनाथ पूर्वेला, स्टेशनकडून शिवमंदिराकडे जाताना आडगल्लीत ती बेकरी होती. शेठ उल्हासनगरचे सिंधी, भट्टीवरचे हात उत्तर प्रदेशातले. दिवाळीच्या आधी आठवडाभर तिथं दुपारी बायकांची रांग लागायची, कारण घरोघरी ओव्हन नव्हते आणि नानकटाई तर हवी. आई पिवळ्या डब्यातलं डालडा, चाळलेला मैदा, थोडा रवा, दळलेली साखर आणि वेलची-जायफळाची पुडी घेऊन निघायची. मी मागून पितळी डबा घेऊन. डबा जाताना रिकामा असायचा, तरी तो मीच धरायचा, असा आमच्यातला करार होता.

दोनच्या आधी जाऊन उपयोग नसे. रात्रभर लाकडं जाळून भट्टी तापवलेली असायची, पहाटे लादी पाव निघायचे, मग ब्रून, मग खारी. भट्टीचा राग उतरला की नानकटाईची पाळी. तापल्या भट्टीत ती बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. उतरत्या आचेवर तिचा वरचा पापुद्रा आधी धरतो, आतला सोडा फुगत राहतो, आणि मग ती वरून तडकते. ती तडक यायलाच हवी. न तडकलेली नानकटाई आई परत येताना मोजून बाजूला काढायची आणि त्या रात्री बाबांना तीच मिळायची. बाबा पश्चिमेला ऑर्डनन्समध्ये कामाला. तिथं मोजमापाला न उतरलेला माल नाकारणं हा त्यांचा रोजचा धंदा, त्यामुळे घरी नाकारलेला माल खाताना ते गालातल्या गालात हसायचे.

बायका उलट्या घातलेल्या खोक्यांवर बसून पत्र्याच्या ताटांवर गोळे वळत. कुणाची नानकटाई कुणाकडे जाऊ नये म्हणून खुणा. आमच्या गोळ्यावर दोन चारोळ्या, शेजारच्या काकूंच्या गोळ्यावर एक. चारोळ्या टोचायचं काम माझं. एकदा मी आळस करून शेवटच्या ताटात एकेकच टोचली, तर अख्खं ताट काकूंच्या डब्यात गेलं, आणि त्यांनी ते परत केलं नाही. आई त्यावर वर्षभर बोलत होती, काकूंशी नाही, माझ्याशी.

त्याच ताटाच्या दिवशी, ओरडा खाऊन मी गल्ल्याखालच्या रद्दीपाशी जाऊन बसले. बेकऱ्यांना रद्दी लागायचीच: टोस्टच्या पुड्या, बटरच्या पुड्या. साध्या वर्तमानपत्रातून तूप झिरपतं, म्हणून जाड गुळगुळीत कागदाला भाव. आम्ही असला कागद वह्यांना कव्हर घालायला वापरायचो. त्या ढिगात मला पाववाला दिसला. भट्टीवरच्या चाचांनी बघितलं, म्हणाले, “ले जा बेटी, बीचवाला पन्ना तो कल खारी में चला गया.”

म्हणजे आदल्याच दिवशी. मी एक दिवस आधी रडले असते तर पुस्तक पूर्ण मिळालं असतं.

घरी ‘किशोर’ यायचा, चांदोबा शेजारून यायचा. पण सबंध पानभर चित्र आणि खाली दोनच ओळी, असं पुस्तक माझ्याकडे ते एकच. हरवलेल्या पानावर नानकटाई होती, यात मला शंकाच नव्हती. नवव्या पानावरचा चुरा अगदी तसाच दिसायचा. चाचांना मी तसं सांगितलं, तर ते म्हणाले, नवी चीज डोक्यातून येत नाही, उरलेल्या मालातून येते. आणि त्यांनी मला महाशिवरात्रीची गोष्ट सांगितली.

आमचं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखावर शके 982, म्हणजे 1060 साल. महाशिवरात्रीला वालधुनीच्या काठी लोटणारी गर्दी बघितल्याशिवाय कळायची नाही. चाचा अंबरनाथला नवे आले तेव्हा त्यांना कुणीतरी सांगितलं, जत्रा आहे, माणूस मावत नाही. त्यांनी शेठना न विचारता दुप्पट मैदा भिजवला. पहाटे पावांचे डोंगर. दुकानावरून लाख माणूस गेलं, आणि एकानंही पाव घेतला नाही. सगळ्यांचा उपास! चाचांना ठाऊक नव्हतं. शेठ दुपारी आले, बघितलं, काही बोलले नाहीत, ते बोलण्यापेक्षा वाईट. रात्री चाचांनी सगळे पाव कापले, थोडी साखर आणि बडीशेप लावली, आणि निवत्या भट्टीत पसरून ठेवले. दुसऱ्या दिवशी उपास सुटला होता आणि चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत हवंच होतं. तो टोस्ट दुपारपर्यंत संपला. पुढं दरवर्षी महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी लोक येऊन मुद्दाम ‘तो टोस्ट’ मागायचे. चाचांनी मग दरवर्षी पाव मुद्दाम उरवले.

मला तेव्हा ही गोष्ट आवडली नाही. माझ्या पाववाल्याला एका क्षणात काहीतरी चमकून जायला हवं होतं. शिळे पाव कापणं ही काय गोष्ट झाली?

मुलांच्या पुस्तकांची ही खोड मला आता जास्तच जाणवते. कुणी काही शोधून काढतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर दिवा पेटतो. दिवा काढायला सोपा. पण उरलेल्या मालाकडे बघत बसलेल्या माणसाच्या तोंडावरचा भाव काढणं अवघड, आणि माझ्या पुस्तकाच्या चित्रकारानं सहाव्या पानावर तो काढलाय. म्हणून मी त्याला मानते.

कॉलेज उल्हासनगरचं, चांदीबाई. अंबरनाथहून एकच स्टेशन. तिथल्या एका सिंधी मैत्रिणीच्या घरी, जुन्या बराकीचंच वाढवून केलेलं घर ते, तिची आजी होती. सगळे तिला अम्मा म्हणत. फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या बराकींत निर्वासितांना ठेवलं, त्या कल्याण कॅम्पचं 1949 मध्ये उल्हासनगर झालं; अम्मा कॅम्पच म्हणायची, शेवटपर्यंत. पावाला ती ‘डबल’ म्हणे. कालच्या डबलचे तुकडे ती कोथिंबीर, लसूण, हिरवी मिरची आणि टोमॅटोच्या वाटणात शिजवायची: सेयल डबल. रस पावानं पिऊन घ्यायचा, तरी पावाचा लगदा होता कामा नये. त्यासाठी पाव शिळाच हवा. ताजा घातला तर खीर होते, असं ती म्हणायची, आणि एकदा घाईत मैत्रिणीनं ताजा घातला तेव्हा खरंच झाली.

मी एकदा पुस्तक तिला दाखवायला नेलं. मराठी तिला वाचता येत नव्हतं, चित्रं बघितली. सहावं पान, मग नववं. बोट उरलेल्या पावांच्या चळतीवर ठेवलं, मग नवव्या पानावरच्या फळीवर. फळी रिकामी. “यहीच बनाया, और क्या,” ती म्हणाली आणि चष्मा काढून ठेवला. आठ-नऊ वर्षं मी ती दोन पानं समोरासमोर बघत होते. फळी रिकामी झालीय हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

नानकटाईचा उगम पुढं बऱ्याच वर्षांनी वाचनात आला. सुरतेत डच व्यापाऱ्यांची वखार होती. त्यांच्यासाठी पाव भाजणारी भट्टी त्यांच्या माघारी एका पारशाकडे आली, फरामजी पेस्तनजी दोतीवाला. त्यांची बेकरी सुरतेत आजही आहे आणि आपली सुरुवात 1861 ची सांगते. गोऱ्यांचं गिऱ्हाईक गेलं, पाव पडून राहू लागले. आंबवायला ताडी वापरलेली, म्हणून स्थानिक लोक हात लावेनात. पण ताडीचा पाव लवकर बुरसत नाही, नुसता वाळतो. वाळलेला पाव स्वस्तात विकला, लोकांना तो चहात बुडवायला आवडला, तेव्हा पाव मुद्दाम वाळवायला सुरुवात झाली. मग ताडी गेली, अंडं गेलं, तूप-साखर वाढली, आणि होता होता नानकटाई झाली. या गोष्टीतली सालं सांगणाऱ्यागणिक बदलतात, एकदोन शतकं इकडची तिकडे होतात, त्यामुळे मी ती इतिहास म्हणून शपथेवर सांगणार नाही. नावातलं ‘नान’ म्हणजे फारसीत रोटी, एवढं पक्कं. ‘खताई’वर भांडणं आहेत. पण वाचताना मला सुरत दिसलीच नाही. मला महाशिवरात्रीची रात्र आणि बडीशेपेचा हात दिसला. दादरला 1966 मध्ये अशोक वैद्यांनी वडा पावात घातला, तेही शेजारी पावाची गाडी होती म्हणून, असं सांगतात. पदार्थ असेच होत असावेत: एक न खपलेलं, एक शेजारचं.

चाचांना हे सांगायचं राहिलं. मी वाचलं तेव्हा ते गावी परतले होते. बेकरीच्या जागी आता सात मजली इमारत आहे, खाली केकचं दुकान. दुकान वाईट नाही, पण तिथं शिळं काही दिसत नाही. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम इंधनावर जायला सांगितलं. त्या धुरानं काय होतं ते मी चाचांच्या खोकल्यात ऐकलंय, त्यामुळे त्याबद्दल गळा काढणं मला जमत नाही. उतरत्या आचेची नानकटाई गॅसवरही करता येईल. दुपारी दोनपर्यंत थांबायची तयारी हवी.

26 जुलै 2005 ला वालधुनीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. लग्नाचा अल्बम गेला, पितळी डबा शेवटी सापडला. पुस्तक माळ्यावर होतं म्हणून वाचलं. त्याच्या आदल्या वर्षी लेक सहा वर्षांची होती. तिच्यासाठी ज्योत्स्ना प्रकाशनाची, माधुरी पुरंदरेंची पुस्तकं घरात आली होती, ज्यांतली घरं आमच्यासारखीच असतात आणि आकाशातून मैदा पडत नाही. तरी तिला हे फाटकं हवं असायचं. मी तिला चाचांचं सांगितलं, अम्माचं सांगितलं. शिळ्या पावाचं काहीतरी केलं असणार, बाई. तिला पटेना.

“पण पहिल्यांदा खाल्लं कोणी?”

मी म्हटलं, त्यानंच खाल्लं असेल.

“नाही. मांजरानं.” आणि तिनं नवव्या पानावर खाली, गर्दीच्या पायांमध्ये बोट ठेवलं. करडं मांजर तिथं आहे. सहाव्या पानावर त्याच्या बरगड्या मोजता येतात. नवव्यावर ते गोल झालंय, आणि जीभ बाहेर. पंचवीस वर्षांत ते मला एकदाही दिसलं नव्हतं.

लेक आता बंगळुरूला असते. पुस्तक न्यायला सांगितलं तर म्हणते, पूर्ण झालं की दे.

तेव्हा विनंती अशी. 1979 च्या दिवाळीआधी अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराच्या वाटेवरच्या बेकरीतून तुमच्या घरी कुणी खारी आणली असेल आणि पुडीचा कागद जाड, रंगीत, गुळगुळीत होता म्हणून कुणी तो वहीला कव्हर घातला असेल, कपाटात अंथरला असेल, तर एकदा बघा. एका बाजूला सात आकडा आहे, दुसऱ्या बाजूला आठ. तुपाचे डाग असतील. चालतील.