पाइप पोखरणारे जिवाणू

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन लागतो. तरीही ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या पाणथळ चिकणमातीत गाडलेले बिडाचे पाइप झपाट्याने कुजतात. नेदरलँड्समधील फोन वोल्झोगेन क्यूर आणि व्हॅन डर व्ल्युख्त यांनी १९३४ मध्ये याचा दोष सल्फेटचे सल्फाइड करणाऱ्या जिवाणूंना दिला. लोखंडावर जमणारा हायड्रोजन हे जिवाणू वापरून टाकतात, म्हणून लोखंड विरघळत राहते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे कळले की कारण एवढेच नाही. जिवाणूंनी सोडलेले हायड्रोजन सल्फाइड स्वतःच धातूला खाते आणि काही जिवाणू तर थेट लोखंडातून इलेक्ट्रॉन ओढतात.

पाइपच्या आत सुरुवात चिकट थराने होते. थरातले वरचे जिवाणू ऑक्सिजन संपवतात. तळाशी सल्फेटवाल्यांना हवी तशी जागा तयार होते. थराखालचा धातू आणि उघडा धातू यांच्यात विद्युत-रासायनिक फरक पडतो, त्यामुळे झीज सगळीकडे सारखी न होता एकाच ठिकाणी खोल खड्डा पडतो. पाण्याच्या पाइपात लोह-जिवाणू गंजाच्या गाठीही वाढवतात. अशी गाठ फोडली की बाहेर तांबूस कवच आणि आत काळा चिखल दिसतो. त्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच सडक्या अंड्याचा वास आला, तर तो चिखल लोह सल्फाइडचा समजावा. मात्र एवढ्यावर जिवाणू दोषी ठरत नाहीत. खड्ड्याचे रूप, पाणी आणि जिवाणूंची तपासणी एकत्र पाहावी लागते.

स्टेनलेस स्टीलही सुटत नाही. दाबचाचणीचे पाणी आत तसेच राहिले, तर वेल्डिंगशेजारी टाचणीएवढे भोक दिसते आणि आत मोठी पोकळी निघते. अलास्कातील प्रूडो बे येथे मार्च २००६ मध्ये गाळ साचलेल्या तेलवाहिनीलाही आतून गंजून भोक पडले आणि साडेसात लाख लिटरहून अधिक तेल सांडले.

बाहेरून चांगले आवरण आणि कॅथोडिक संरक्षण (पाइपला विजेने ऋण विभवावर ठेवणे) द्यावे. जिवाणूंच्या मातीत नेहमीच्या उणे ०.८५ व्होल्टऐवजी उणे ०.९५ व्होल्ट (तांबे-मोरचूद इलेक्ट्रोडच्या तुलनेत) राखतात. आतून पिग (पाइप घासत पुढे सरकणारे साधन) फिरवून गाळ काढावा आणि मगच जिवाणूनाशक सोडावे. कारण गाळाखाली ते पोचत नाही. दाबचाचणी संपताच पाइप रिकामा करून कोरडा करावा. हे काम पुढे ढकलू नये.