रामवाडीहून खारबांधाकडे : धुरावर पिकणारे शेवाळ

मुंबई-गोवा रस्त्याने कोकणात उतरताना पेणच्या रामवाडीला एस.टी. थांबते. पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती आठवतात. पण या तालुक्याची दुसरी ओळख खारजमिनीची आहे. ती पाहायची तर रामवाडीला उतरा आणि वाशी, वढावच्या बाजूने खाडीकडे निघा.

येथे खाडीचे पाणी मातीच्या बांधाने अडवून पिढ्यान्‌पिढ्या भात पिकविला गेला. बांधाला उघाड्या असतात. ओहोटीला पावसाचे पाणी त्यांतून बाहेर जाते, भरतीला झडप मिटते. बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि मग पावसाने जमीन धुऊन निघेपर्यंत भात धरत नाही.

लावणीनंतर खाचरातल्या पाण्यावर हिरवट साय दिसते. आपण तिला नुसते शेवाळ म्हणतो. पण आज मोठमोठ्या वीजकेंद्रांच्या दारातही शेवाळाची शेती करून पाहिली जाते आहे. पेण तालुक्यात डोलवीला पोलाद कारखाना आहे, उरणला बोकडविऱ्यास वायूवर चालणारे वीजकेंद्र आहे. तेव्हा हा विषय आपल्यालाही परका नाही.

कल्पना साधी आहे. सर्व पिके हवेतला कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, घेऊन वाढतात. हवेत तो शेकडा ०.०४ एवढाच असतो; कोळशाच्या धुरात मात्र शेकडा १० ते १५. हा धूर थंड करून फूटभर खोलीच्या तळ्यात बुडबुड्यांनी सोडायचा आणि पाणी चाकाने फिरते ठेवायचे. डोळ्यांना सुटे न दिसणारे सूक्ष्म शेवाळ त्यावर झपाट्याने वाढते. ते गाळून, वाळवून तेल, खत किंवा पशुखाद्य करता येते. ओडिशात अंगूल येथे नाल्को कंपनीने आपल्या वीजकेंद्राजवळ अशी प्रायोगिक तळी केली.

आता हिशेब मांडू. चांगल्या तळ्यात दर चौरस मीटरला रोज २० ग्रॅम सुके शेवाळ मिळते, म्हणजे एकरी सुमारे ८० किलो. एक किलो शेवाळ साधारण १.८ किलो कर्बवायू खाते. म्हणजे एकरी रोज सुमारे १४५ किलो. उलट, कोळशावर एक युनिट वीज करताना जवळजवळ एक किलो कर्बवायू निघतो. १०० मेगावॉटचे लहानसे केंद्र दिवसरात्र पूर्ण चालले तर २४ लाख किलो झाला. तो सगळा शेवाळाला खाऊ घालायचा तर साडेसोळा हजार एकर तळी लागतील! शिवाय रात्री शेवाळ कर्बवायू घेत नाही आणि आपल्या पावसाळ्यात उघडी तळी सांभाळणे सोपे नाही.

अमेरिकेत सरकारने १९७८ ते १९९६ शेवाळाच्या तेलावर संशोधन केले. पुढे ग्रीनफ्युएल नावाच्या कंपनीने ॲरिझोनातील रेडहॉक वीजकेंद्राच्या धुरावर प्रयोग केला. ती कंपनी २००९ मध्ये बंद पडली. शेवाळ वाढले नाही असे नव्हे. खर्चाचा मेळ बसला नाही.

म्हणून सांगणे असे की, असा प्रकल्प घेऊन कोणी गावात आला तर त्याला हाकलू नका, पण सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. माल कोण, काय भावाने घेणार आणि ते लेखी आहे का? मे महिन्यात तळ्याला पाणी कोठून आणणार? धुरातले पारा, शिसे यांसारखे विषारी अंश शेवाळात उतरू शकतात, तर गुरांना घालण्यापूर्वी तपासणी कोण करणार? आणि काम बंद पडले तर बांध, उघाडी व जमीन कोण पूर्ववत करून देणार? खारबांध एकदा दुर्लक्षिला तर नुकसान एका शेताचे होत नाही, सगळ्या खाराचे होते.

दरम्यान, घरचे शेवाळ विसरू नका. भातखाचरातील नील-हरित शेवाळ हवेतला नत्र जमिनीला देते, हे पी. के. डे या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये दाखविले. परिस्थिती अनुकूल असेल तर त्यापासून हेक्टरी २० ते ३० किलो नत्र मिळतो. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, नऊ इंच खोल खड्डा करून प्लॅस्टिकचा कागद अंथरा. ८ ते १० किलो चाळलेली माती, २०० ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि चार बोटे पाणी घाला. माती बसली की १०० ग्रॅम शेवाळाचे विरजण वर पसरा. खड्डा उन्हात ठेवा. आठ-दहा दिवसांत जाड थर येतो. पाणी आटू द्या, पापड्या सुकवून पिशवीत भरा. लावणीनंतर आठवड्याने एकरी ४ किलो उभ्या पाण्यात टाका आणि पाणी टिकवून धरा. विरजणासाठी कृषी विद्यापीठाच्या भात संशोधन केंद्रात चौकशी करा.

पहिल्या वर्षी सगळ्या शेतात नको. एकाच खाचरात टाका, शेजारचे तसेच ठेवा, आणि कापणीला दोन्हींचे भात वेगळे मोजा. ते माप पाहून पुढच्या वर्षीचे ठरवा.