मढीहून आणलेलं गाढव

मढीच्या बाजारातून गाढव आणायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात सरळ दोन पक्ष पडले. एका बाजूला अब्बा, म्हणजे माझे सासरे, आणि हे. दुसऱ्या बाजूला माझा थोरला मुलगा, त्याच्यामागे मुलगी, आणि खरं सांगायचं तर मनातून मीही. अम्मा कोणत्याच पक्षात नव्हत्या. त्यांचं एकच म्हणणं होतं, "जे आणाल त्याला चारा-पाणी मलाच करायचंय, तेवढं ध्यानात ठेवा."

गाढवांवरून माल वाहायचा आमचा धंदा अब्बांच्या वडिलांपासूनचा. विटा, वाळू, मुरूम, दगड. पाटोदा तालुका बालाघाटच्या डोंगरातला. मांजरा नदी इथूनच निघते, सौताड्याचा धबधबा बघायला पावसाळ्यात लांबलांबून गाड्या येतात. पण बघायला छान दिसणाऱ्या त्याच डोंगरात वरच्या वस्त्यांवर ट्रॅक्टर चढत नाही. कुणाला घर बांधायचं असेल, विहिरीचं बांधकाम असेल, तर शेवटचा चढ आमच्याच जनावरांनी चढायचा. एका खेपेला एका पाठीवर वीस-बावीस विटा. गावातल्या जुन्या बोळांतही तसंच.

तरी काम दरवर्षी कमी होत चाललंय. रस्ते झाले, छोटे टेंपो आले. मी लग्न होऊन आले तेव्हा दारात सात गाढवं होती. गेल्या वर्षाअखेर तीन उरली. जानेवारीत त्यातलं एक पोटशूळाने रात्रीत गेलं. उरली दोन, त्यातली एक म्हातारी गाढवीण, मागच्या पायाने लंगडणारी. एका जनावरावर खेप परवडत नाही.

मुलगा म्हणाला, "गाढवावर पैसे घालण्यापेक्षा तेच भरून जुना तीनचाकी टेंपो हप्त्यावर घेऊ." त्याचं चुकत नव्हतं. मुलीचं कारण वेगळं होतं. ती दहावीला होती. वर्गात तिला काय म्हणून हाक मारतात ते तिने घरी कधी सांगितलं नाही, मला शेजारच्या मुलीकडून कळलं. दाराशी गाढव बांधलेलं असेल तर मैत्रिणींना ती कोपऱ्यावरूनच परत पाठवायची. आणि माझं कारण पैशाचं. घरात बारा हजार होते. बाकीचे माझ्या नावावर बचत गटातून उचलायचे होते, आणि ते मी मुलीच्या अकरावीसाठी मनात धरून ठेवले होते.

त्यातच एक दिवस मोटारसायकलवर एक माणूस आला. म्हाताऱ्या गाढविणीकडे बघून म्हणाला, "ही देता का? चालत नसली तरी चालेल." आठ हजार बोलला. जे जनावर ओझं उचलत नाही, त्याचे आठ हजार! मी दारातूनच मनात हिशेब मांडला. बारा आणि आठ वीस. कर्ज जवळजवळ वाचलं.

अब्बांनी एवढंच विचारलं, "नेऊन करणार काय?"

"आंध्रात मागणी आहे."

अब्बांनी त्याला पाणी विचारलं आणि नाही म्हणून सांगितलं.

ही मागणी कसली, ते आता बऱ्याच जणांना माहीत आहे. आंध्र प्रदेशाच्या काही जिल्ह्यांत ताकद येते म्हणून गाढवाचं मांस खाल्लं जातं. कातड्याला बाहेर भाव आहे, कारण चीनमध्ये ते उकळून एजियाओ नावाचं औषध करतात. त्यापायी आफ्रिकेत इतकी जनावरं कापली गेली की फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या देशांच्या संघटनेने कातड्यासाठी गाढवं मारायला बंदी घातली. आपल्या देशात २०१२ च्या पशुगणनेत तीन लाख वीस हजारांच्या आसपास गाढवं होती, २०१९ मध्ये सव्वा लाखाच्या आत आली. यंत्रं आली म्हणून कमी झाली हे खरं, पण सगळीच काही यंत्रांनी कमी केली नाहीत.

पाळीव गाढवाचं मांस खैबरच्या वेळी मना झालं, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. मलाही होतं. तरी मी त्या दिवशी अब्बांशी वाद घातला. म्हटलं, "आपण थोडंच खाणार आहोत? आपण फक्त विकतोय." अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेटा, तू ज्या खोलीत बसलीस ना, तिच्या विटा तिनेच वाहिल्यात." मला वाईट वाटलं असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण मला राग आला. दोन दिवस मी घुश्शातच होते. तिसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीत जाऊन दहा हजारांच्या कर्जावर सही केली.

मढी पाथर्डी तालुक्यात. होळीपासून पाडव्यापर्यंत यात्रा असते आणि रंगपंचमीला मोठा दिवस. डोंगरावरच्या समाधीला हिंदू कानिफनाथ म्हणतात, मुसलमान शाह रमजान माहीसवार म्हणत आले. आमच्या घरचे मात्र तिकडे जातात ते बाजारासाठी. कुंभार, वडार, कैकाडी, बेलदार, ज्याच्या घरी गाढव आहे त्याची पावलं वर्षातून एकदा मढीला किंवा पौषात जेजुरीला वळतातच. २०२४ ची रंगपंचमी ३० मार्चला होती, म्हणजे रमजान ऐन मध्यावर. सहेरी करून अब्बा आणि हे पहिल्या एस.टी.ने गेले. अब्बांना मी म्हटलं, प्रवास आहे, रोजा नंतर ठेवा. ते म्हणाले, "व्यवहार करायला चाललोय, रोजा असलेला बरा. जीभ ताब्यात राहते."

बाजारात गाढवाचं वय दातांवरून बोलतात. दुवान म्हणजे दोन दातांचं, चवान म्हणजे चार. काठेवाडी उंचीला चांगलं आणि भावालाही चढं, आपलं गावठी ठेंगणं पण डोंगराला चिवट. अब्बांना एक गावठी चवान नर आवडला. दात बघितले, खूर उचलून बघितले, पाठीवरून तळवा फिरवून जुनी जखम आहे का ते चाचपलं. सत्तावीस हजारांवरून बावीस हजारांवर सौदा तुटला. त्याच्या गालावर डागाची खूण होती. अब्बांनी विकणाऱ्याला तिथेच सुनावलं, "चेहऱ्यावर डागू नये बाबा, आमच्या पैगंबर साहेबांनी याला सक्त मनाई केलीय. डागायचंच तर दुसरीकडे जागा का कमी आहे?" तो म्हणाला, "आधीच्या मालकाचं काम आहे." हे म्हणतात, तो आधीचा मालक बहुतेक तोच होता.

तीन घरांनी मिळून पिकअप केली. आमच्या दारात ती आली तेव्हा इफ्तारीला दहा-पंधरा मिनिटं उरली होती. दस्तरखान मांडलेलं, खजूर काढलेले, आणि गाडीत एक गुलाबी गाढव. रंगपंचमीच्या बाजारात कुणीतरी त्याच्या पाठीवर आणि एका कानावर रंग ओतला होता. ते काही उतरेना. हे ओढताहेत, मुलगा मागून ढकलतोय, गाडीवाला घाई करतोय. शेवटी अम्मा उठल्या, मूठभर कडबा घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि पाठ फिरवून चालू लागल्या. ते टुणकन उतरून त्यांच्या मागे आलं.

शेजारच्या कुंभाराच्या मावशी भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आल्या. नव्या जनावराच्या पायावर पाणी घालायची त्यांची रीत. कुंकवाचं बोट पुढे करून त्या क्षणभर थांबल्या, अम्मांकडे बघितलं, आणि स्वतःच हसून हात मागे घेतला. म्हणाल्या, "आधीच एवढं रंगवलंय, आणखी कशाला!"

एवढ्यात त्याने तोंड उघडलं. आमच्याकडे गाढवं आहेत, आवाजाची सवय आहे, पण हा आवाज काही निराळाच होता. घरातली दोन्हीही त्याला सामील झाली. तो गोंधळ थांबला तेव्हा मशिदीचा भोंगाही शांत होता. आता अजान व्हायची आहे की होऊन गेली? खजूर हातात धरून आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. शेवटी मुलगी पळत कोपऱ्यावर जाऊन विचारून आली. अजान कधीच झाली होती. गाढव ओरडलं की अल्लाहची पनाह मागावी म्हणतात. अम्मांनी ती मागितली आणि मग इतक्या हसल्या की पाणी ठसक्याला लागलं.

हसणं त्या रात्रीपुरतंच टिकलं. नवं गाढव पाणी पिईना. मार्च संपत आलेला, आधीच्या वर्षी पाऊस कमी, आमच्या भागाला टँकरवर दिवस काढायचे. टबात पाणी ठेवलं की ते नाक लावायचं आणि मागे सरायचं. दुसरा दिवस दुपार झाली. उन्हात माणसाला रोजा, आणि जनावरानेही जणू धरलेला. माझ्या डोळ्यांपुढे जानेवारीतलं मेलेलं गाढव आणि बचत गटाची वही. जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "गाढव पाण्याच्या बाबतीत फार चिकित्सक असतं. टँकरच्या पाण्याला पावडरीचा वास येत असेल. दुसरं पाणी देऊन बघा." दुसरं पाणी आणायचं कुठून?

तेव्हा मुलीने काय केलं, तर म्हाताऱ्या गाढविणीचं दावं सोडलं आणि तिला नव्याशेजारी आणून बांधलं. एकच टब दोघांत ठेवला. म्हातारी अकरा वर्षं असलंच पाणी पीत आलेली. तिने मान खाली घालून सुर्रसुर्र ओढायला सुरुवात केली. नवं तिच्या मानेला मान लावून बघत राहिलं. मग त्याने नाक बुडवलं. अर्धा टब एका दमात गेला.

मुलगी आत येऊन म्हणाली, "अम्मी, प्यायलं." मी अब्बांकडे बघायचं टाळलं. त्यांनीही काही म्हटलं नाही. तसबीह ओढत बसले होते.

तेव्हापासून ते दोघं शेजारीच असतात. म्हातारीला वेगळं बांधलं की नवं दिवसभर खूर आपटतं. खेपेला जाताना तिला रिकामीच पुढे घालावी लागते, तेव्हा हे मागून चढ चढतं. लंगडत का होईना, ती चढते.

नाव ठेवायचं राहिलंच. धाकटा मकतबमधून ऐकून आला की हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्या गाढवाचं नाव उफैर होतं, आपण तेच ठेवू. अब्बांनी त्याला जवळ घेतलं आणि म्हणाले, "नको बेटा. चढावर अडलं की माझ्या तोंडातून काय निघतं ते तुला माहीत नाही." म्हणून आम्ही सगळे त्याला अजून 'नवं'च म्हणतो.

मुलाचा टेंपोचा हट्ट सुटलेला नाही. गटाचे सात हप्ते बाकी आहेत. २७ मेला दहावीचा निकाल लागला, मुलीला बहात्तर टक्के मिळाले. परवा ती अकरावीचा फॉर्म भरत बसली होती. वडिलांचा व्यवसाय या रकान्यापाशी पेन थांबलं. मागच्या वर्षी शाळेच्या एका कागदावर तिने 'मजुरी' लिहिलेलं मला आठवत होतं. मी काही बोलले नाही, भाकरी थापत राहिले. तिने थोडा विचार केला आणि लिहिलं, 'मालवाहतूक'.

अब्बांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "पुढे किती गाड्या, तेही लिहायचंय का?"