घर बांधताना आमचे काय चुकले

रविवारची वंदना आटोपली की विहाराच्या ओट्यावर दोन-चार जण आमच्याभोवती जमतात. एखाद्याच्या हातात कापडी पिशवी असते आणि पिशवीत चार घड्या घातलेले कागद. आम्ही मोंढ्यात आडत दुकानावर कारकून. बी.कॉम. झालेले. त्यामुळे हिशेबाचे आणि कागदाचे सगळे आम्हाला कळते असा वस्तीत समज आहे. "भाऊ, प्लॉट घ्यावा म्हणतो, एवढं बघा बरं," असे कोणी म्हणाले की आम्ही कागद बघतो आणि मग आमच्या स्वतःच्या घराची कथा सांगतो. प्रत्येकाला ओट्यावर सांगणे होत नाही, म्हणून आज लिहून काढत आहोत.

"घर पाहावे बांधून" ही म्हण घर बांधून घेणाऱ्याने केली असावी. बांधणाऱ्याला कोणी विचारले नसेल. जालन्यात कोणत्याही बांधकामावर जा, पाट्या वाहणारी, सळई वाकवणारी, स्लॅबवर पाणी मारणारी किती तरी माणसे जयभीमवाली निघतात. स्टीलच्या कारखान्यात भट्टीपुढे उभे राहून भंगारातून सळई काढणाऱ्यांतही आपली माणसे आहेत. आणि स्वतःच्या घराची वेळ आली म्हणजे डोक्यावर पत्रे. आम्हीही लग्नानंतरची एकोणीस वर्षे पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत काढली.

पहिली चूक २०१४ साली झाली. शहराच्या कडेला, शेतात पाडलेल्या गुंठेवारीत, वीस बाय तीसचा प्लॉट आम्ही दीड लाखाला घेतला. कागद कोणता? तर शंभराच्या बाँडवर मजकूर, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. विकणारा म्हणाला, "सगळ्यांनी असेच घेतले." खरे होते, सगळ्यांनी असेच घेतले होते. दिवसभर लोकांच्या पावत्या तपासणारे आम्ही, पण स्वतःच्या दीड लाखाचा कागद तपासला नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये आणि त्यावरील किमतीच्या जागेचे खरेदीखत दुय्यम निबंधकापुढे नोंदवावे लागते. नोटरीच्या शिक्क्याने मालकी येत नाही. पुस्तकात हे वाचले होते, पण पैसे मोजताना पुस्तक आठवले नाही.

म्हणून आता कोणी कागद घेऊन आला की आम्ही आधी सातबारा मागतो. विकणाऱ्याचे नाव त्यावर आहे का, "इतर हक्क" या रकान्यात बँकेचा बोजा आहे का, वाटेकरी बहीण-भाऊ किती, जमीन भोगवटादार वर्ग दोनची तर नाही ना, हे बघतो. वर्ग दोनची असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही. गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ. मग जागेवर जाऊन टेपने मोजणी, आणि शेजारच्या प्लॉटवाल्याशी चहा. त्या चहात जे कळते ते कागदात सापडत नाही. आमच्याच ओळीत एक प्लॉट दोघांना विकला गेला होता.

त्या एका बाँडच्या कागदाने पुढे काय केले ते बघा. घरकर्जासाठी बँकेत गेलो, खरेदीखत मागितले, नव्हते. रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी २००८ पासून आहे. तिच्यासाठी जागेच्या मालकीचा पुरावा हवा, तोही नव्हता. एका चुकीच्या कागदाने दोन्ही दारे बंद. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ साली सुधारणा होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमित करण्याची सोय झाली, पण आमचे घर तोवर उभे राहिले होते आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणी मोजली होती. ते पुढे येईल.

२०१८ च्या डिसेंबरात खोदाई सुरू केली. आमचा प्लॉट म्हणजे पूर्वीचे कापसाचे रान. मिस्त्रीने तीन फूट खणून "बस झाले" म्हटले. आमच्या पत्नीचे मामा गवंडी होते आणि लग्नाआधी तिने स्वतः त्यांच्या हाताखाली विटा दिलेल्या. ती खड्ड्यात उतरली, हाताने ढेकूळ फोडले आणि म्हणाली, "अहो, ही काळीच हाये अजून. पावसाळ्यात फुगती अन् उन्हाळ्यात उलती. भिंती फाटतील." मिस्त्री हसला. आम्हीही, खरे सांगायचे तर, मिस्त्रीच्याच बाजूने होतो, कारण प्रत्येक फुटाला मजुरी वाढत होती. ती बाहेर यायला तयार होईना. शेवटी सहा फुटांवर कडक मुरूम लागला. जोत्यात खोदलेली काळी मातीच परत भरायचा बेत होता, तोही तिने हाणून पाडला. मुरूम आणून, पाणी मारून, थराथराने धुमसून भरला. आज ओळीतल्या चार घरांच्या भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा आहेत, आमच्या भिंतीला नाही. याचे श्रेय आमच्या बी.कॉम.ला जात नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आम्ही गावी होतो, शिकत होतो. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे माळवद झोपेत अंगावर आले. त्यानंतर आमच्या गावची माणसे कितीतरी रात्री अंगणात झोपली. म्हणून घर लहान असो, पण जोत्याला, लिंटेलला आणि छताला चारी भिंतींवरून सलग फिरणारा लोखंडी सळईचा काँक्रीट पट्टा असावा. कोपऱ्यात सळई तोडून ठेवू नये, वळवून पुढे न्यावी. पैसे वाचवायचे तर फरशीत वाचवा.

जालना सळईचे गाव, तरी सळईत फसणारे जालन्यातच भेटतात. हिशेब सोपा आहे. सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, १६२ ने भागा, एक मीटरचे वजन किलोत निघते. बारा मिलिमीटरची बारा मीटर लांब सळई सुमारे १० किलो ६५० ग्रॅम भरली पाहिजे, आठ मिलिमीटरची ४ किलो ७४० ग्रॅम. बारा मिलिमीटरच्या सळईत अर्ध्या किलोपर्यंतचा फरक समजू शकतो, त्याहून कमी भरली तर परत पाठवा. आयएसआयचा शिक्का बघाच. वाळूचेही तेच. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. गाडीच्या हौद्याची लांबी, रुंदी, उंची फुटात मोजून गुणाकाराला शंभराने भागले की किती ब्रास आली ते कळते. टेप काढला की ड्रायव्हरचा चेहरा बदलतो, बदलू द्यावा. २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलवाल्यांना पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत ठेवली आहे, ज्यांचे घरकुल मंजूर आहे त्यांनी ती मागून घ्यावी.

पाण्याचे मात्र आमचे हाल झाले. २०१८ चा पावसाळा कोरडा गेला होता, ऑक्टोबरात शासनाने दुष्काळ जाहीर केला, आणि आम्ही नेमका त्याच साली मुहूर्त काढला! मुहूर्त आम्ही मानत नाही, पण निदान पाऊस तरी बघायचा. पिण्याला टँकर आणि भिंतीलाही टँकर. मोंढ्यातला फाटका बारदाना मागून आणला आणि कॉलमला गुंडाळून भिजवत राहिलो, त्याने पाणी निम्मे वाचले. स्लॅबवर वाफे करून पाणी उभे केले. सिमेंटला पहिले दहा दिवस तहान असते, तेव्हा कंजूषी केली तर ती जन्मभर फुफाट्यासारखी झडते. उलट माल कालवताना पाणी कमी हवे, एका गोणीला पंचवीस-सत्तावीस लिटर. मजूर ओतायला सोपे म्हणून बादलीवर बादली ओततात. तिथे उभे राहावे.

आता पैशाकडे येतो. घराचा अंदाज आम्ही एका पाकिटाच्या मागे केला होता, तीन लाख. हाताशी आमचे १,८०,००० आणि पत्नीच्या भिशीचे ३०,००० होते. लिंटेलपर्यंत येता येता हे २,१०,००० संपले. मिस्त्रीने उचल घेतली आणि महिनाभर दुसऱ्या कामावर गेला. हा आमचाच दोष, कारण मजुरी चौरस फुटाने ठरवली पण कोणत्या टप्प्याला किती द्यायची ते लिहून घेतले नव्हते. जोते, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर असे टप्पे कागदावर पाडावेत, काम झाल्यावर पैसे द्यावेत आणि शेवटचा हप्ता चांगला मोठा ठेवावा.

स्लॅबला १,१०,००० लागणार होते. मे महिना. भिंती उघड्या, जून तोंडावर. खाजगी सावकाराकडून पन्नास हजार घेतले, शेकडा पाच महिन्याला. म्हणजे वर्षाला साठ टक्के. दरमहा अडीच हजार नुसते व्याज, मुद्दल तसेच. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी बँकेचे तेवढेच कर्ज असते तर हप्ता सुमारे साडेचारशे पडला असता, मुद्दलासकट. सव्वीस महिने आम्ही व्याज भरले, लॉकडाऊनमध्येही भरले. ६५,००० गेले, पन्नास हजारांचे मुद्दल वेगळे. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी गुन्हा आहे आणि शेकडा पाच हा दर कोणत्याच परवान्यात बसत नाही. हे आम्हाला ठाऊक होते. गरज असली की ठाऊक असलेले आठवत नाही.

उरलेले साठ हजार थोरल्या मुलीचे होते. ती सहावीत असल्यापासून पोस्टात दरमहा भरलेले, नर्सिंगच्या शिक्षणासाठी. ती बारावीला होती. निकाल यायचा होता. आम्ही म्हणालो, "दोन महिन्यांत परत ठेवतो." ती म्हणाली, "बरं पप्पा." एवढेच. स्लॅब पडला, वस्तीत साखर वाटली. आठवड्या-दोन आठवड्यांत निकाल लागला, चांगले गुण होते. शिष्यवृत्तीचे पैसे नंतर येतात, कॉलेज आणि हॉस्टेल आधी मागतात. ते आधीचे पैसे डोक्यावर स्लॅब होऊन बसले होते. तिचे ते वर्ष गेले. बिनप्लास्टरच्या खोलीत तिने गल्लीतल्या पोरांची शिकवणी घेतली.

बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला राजगृह बांधले, ते आपल्या हजारो ग्रंथांना जागा व्हावी म्हणून. चार मिनार नावाची आणखी एक इमारत त्यांनी बांधली होती. १९४१ मध्ये कर्ज फेडण्यासाठी आणि ग्रंथांसाठी ती विकली. आम्ही हे भाषणात कितीदा सांगितले आहे! त्यांनी ग्रंथांसाठी इमारत दिली, आम्ही इमारतीसाठी ग्रंथ दिले. हे भाषण करताना लक्षात आले नाही, त्या वर्षी तिला शिकवताना बघून आले.

आमचे धाकटे बंधू गावी, बदनापूर तालुक्यात. त्यांना २०१७ मध्ये घरकुल मंजूर झाले. १ लाख २० हजार टप्प्याटप्प्याने, शौचालयाचे १२ हजार वेगळे, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. (रकमा शासन बदलत असते, आजची रक्कम ग्रामपंचायतीत विचारावी.) २६९ चौरस फूट. आम्ही त्यांना हसलो होतो, "एवढ्याशा घरात काय मावणार?" ते वर्षात राहायला गेले, कर्ज नाही, दोन्ही मुले शाळेत. आम्ही चारशे फुटांचे स्लॅबखाली उभे केले आणि दारे-खिडक्यांना चार वर्षे पोत्यांचे पडदे. कारण अंदाजात दारे नव्हती, वायरिंग नव्हते, नळ नव्हता, शोषखड्डा नव्हता. स्लॅब म्हणजे घर, असा आमचा हिशेब.

हिशेब पुढे मुलीनेच लिहिला. दोनशे पानी वही, डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. तिच्या वहीप्रमाणे स्लॅबपर्यंत ३,२०,००० आणि त्यानंतर २०२३ पर्यंत आणखी २,४०,०००. एकूण ५,६०,०००, व्याज न धरता. पाकिटामागचे तीन लाख तिने पहिल्या पानावर चिकटवून ठेवले आहेत.

२०२० च्या शेवटी, कोरोनामुळे लांबलेल्या प्रवेशात, तिला जीएनएमला जागा मिळाली. आता ती छत्रपती संभाजीनगरात एका दवाखान्यात नोकरीला आहे. घराची नोंद आम्ही पत्नीच्या आणि आमच्या अशी दोघांच्या नावाने केली. वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटचे पाणी लावून ठेवले आहे. वरचा मजला कधी, असे लोक विचारतात. धाकटा अजून अकरावीत आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर एकच नोंद आहे, "पप्पांकडून येणे ६०,०००." त्यातले ४५,००० आम्ही थोडे थोडे करून दिले, प्रत्येक वेळी तिने तारीख घालून सही घेतली. पंधरा हजार बाकी आहेत. दिवाळीच्या बोनसवर पाच देऊ असे कबूल केले आहे.